मॉलिक्युल मॉडेल किट, बारावी बोर्ड आणि सीईटी दोन्हीला वापरून झाल्यावर

किट साधंच आहे, ऑनलाइन घेतलेलं, मोठ्या ब्रँडचं वगैरे नाही, साडेतीनशेच्या आसपास पडलं. काळे कार्बन, पांढरे हायड्रोजन, लाल ऑक्सिजन, निळे नायट्रोजन, थोडे हिरवे क्लोरीन, जोडायला दांड्या आणि डबल बाँडसाठी वाकणाऱ्या लांब दांड्या वेगळ्या. पावसाळ्यात घेतलं ते पार सीईटीपर्यंत टेबलावरच होतं. माझं मत आधीच सांगते, रेणूच्या आत काय चाललंय ते कळायला किट भारी, पण दोन रेणूंच्या मधे काय चाललंय ते यात दिसतच नाही, आणि मार्क दोन्हीकडे आहेत.

सगळ्यात जास्त फायदा झाला एसएन१-एसएन२ ला, म्हणजे रेणूतला एक ग्रुप जाऊन त्याच्या जागी दुसरा येण्याच्या दोन पद्धती. वहीत कितीही बाण काढले तरी एसएन२ मधला मागून अटॅक म्हणजे नक्की कुठून हे डोक्यात बसत नाही. २-ब्रोमोब्युटेन बनवा (ब्रोमीनचा गोळा नव्हता, हिरव्यालाच ब्रोमीन म्हटलं), ओएच बरोब्बर उलट्या बाजूने आणा, ब्रोमीन काढा आणि उरलेले तीन ग्रुप पलीकडे ढकला, सर वर्गात छत्री उलटी होते म्हणतात ते हे. मग टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड बनवलं की दिसतं, तीन मिथाइलच्या गर्दीत मागून शिरायला जागाच नाही, म्हणून तिथे एसएन१, आधी ब्रोमाइड जाणार, सपाट कार्बोकॅटायन (प्लस चार्जचा कार्बन) उरणार, मग ओएच कुठल्याही बाजूने येऊ दे. फक्त किटमधला कार्बन काही सपाट होत नाही, भोकं १०९.५ अंशावरच पाडलेली, तेवढं मनात धरायचं. ब्युटान-२-ऑलच्या आरशातल्या दोन प्रती एकमेकींवर बसवून बघा, बसत नाहीत, ऑप्टिकल आयसोमेरिझम तिथेच संपलं.

नेम रिअ‍ॅक्शनना (शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या) उपयोग शून्य. रोझेनमुंडला पॅलेडियम-बेरियम सल्फेट, क्लेमेन्सनला झिंक अमाल्गम आणि कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल, हे पाठच करायचं. त्याला पुठ्ठ्याची कार्डं केली, एका बाजूला रिएजंट, मागे प्रॉडक्ट आणि खाली एक ओळ 'कधी चालत नाही'. प्रश्न त्या ओळीवरच येतात हो! कॅनिझारोला अल्फा हायड्रोजन (सी-ओ ग्रुपच्या शेजारच्या कार्बनवरचा) नसलेला अल्डिहाइड, आल्डोलला असलेला, गॅब्रिएलने अ‍ॅनिलीन मिळत नाही, हॉफमन ब्रोमामाइडमध्ये एक कार्बन कमी होतो.

आता इंटरमॉलिक्युलर फोर्सेस, म्हणजे रेणू-रेणूंमधली ओढ. अकरावीचं म्हणून बरेच जण सोडून देतात, पण सीईटीत केमिस्ट्रीच्या ५० मधले दहाएक प्रश्न अकरावीचे असतात, आणि बारावीतही अल्कोहोल, अमाइन, अ‍ॅसिड, सगळ्यांच्या बॉइलिंग पॉइंटला कारण लिहायचं तर हेच. इथे किट हात वर करतं. इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर त्याच गोळ्यांतून बनतात, दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, हातात घेतले तर सारखेच वाटतात आणि एक उकळतं ७८ अंशाला, दुसरं उणे २४ च्या आसपास. हा फरक ज्याने पडतो तो इथेनॉलचा शेजारच्या रेणूशी होणारा हायड्रोजन बाँड दाखवायचा कसा? स्वस्त किटमधल्या ऑक्सिजनला दोनच भोकं, लोन पेअर (बाँडमध्ये न गुंतलेली इलेक्ट्रॉनची जोडी) नाहीच. शेवटी आईची लोकर घेतली. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे दोन रेणू समोरासमोर ठेवून लोकरीने बांधले की डायमर, म्हणजे रेणूंची जोडी. ऑर्थो-नायट्रोफिनॉलमध्ये लोकर त्याच रेणूतल्या नायट्रो ग्रुपला बांधली जाते, पॅरामध्ये दुसऱ्या रेणूकडेच न्यावी लागते, म्हणून ऑर्थो वाफेबरोबर निघून येतं आणि पॅरा फ्लास्कमध्ये राहतं.

लंडन फोर्सला (सगळ्याच रेणूंमधली कमजोर ओढ) मात्र किट चालतं. एन-पेंटेन लांबुळका, निओपेंटेन गोळाच, एकमेकांना टेकायला जागा कमी, म्हणून बॉइलिंग पॉइंट ३६ विरुद्ध जेमतेम १० अंश. हायड्रोजन पुरत नाहीत, नुसता कार्बनचा सांगाडा करायचा.

बाकी सगळं एका कागदावर लिहून भिंतीला लावलं, मोलर मास ७२ ते ७४ च्या घरातले चौघे आणि त्यांचे बॉइलिंग पॉइंट, पेंटेन ३६, ब्युटानाल ७५, ब्युटान-१-ऑल ११८, प्रोपॅनॉइक अ‍ॅसिड १४१. नुसते लंडन फोर्स, मग डायपोल (रेणूंच्या प्लस-मायनस टोकांची ओढ), मग हायड्रोजन बाँड, मग डायमर. एवढी एक ओळ नीट कळली तरी अर्धी 'कारणे द्या' सुटतात, आणि त्याला एक रुपया लागत नाही 😄

क्वालिटी ठीकठाक. दांड्या आधी इतक्या घट्ट की नखं दुखायची, नंतर सैल होऊन क्लोरीन आपोआप गळायला लागला. एक बेन्झीन केलं की वाकणाऱ्या दांड्या खलास, म्हणजे बेन्झाल्डिहाइड बनवायचं तर सी-ओ डबल बाँडला एकच दांडी लावायची. पांढरे गोळे सोफ्याखाली जातात ते जातातच.

घेणार असाल तर ऑक्सिजनला चार भोकं असलेलं बघा, आणि दोघी-तिघींत मिळून घेतलं तरी चालतं, रोज लागत नाही. पैसे घालायचे नसतील तर पबकेम या वेबसाइटवर रेणू थ्रीडीत फिरवता येतो, फुकट आहे, एसएन२ ला मात्र हातातलंच बरं.