काटा खरा, तबकडीच थापाडी

पारा नसलेला, भिंतीवर टांगायचा पितळी वायुदाबमापक घेऊन आठ महिने झाले. आत पातळ धातूची, वळ्यावळ्यांची, हवा काढून घेतलेली डबी आहे. बाहेरचा दाब वाढला की ती दबते, घटला की फुगते. तिची ती केसभर हालचाल तरफांमधून काट्यापर्यंत पोचते. बस, एवढंच यंत्र.

पहिल्याच आठवड्यात मी ते परत पाठवायला निघाले होते. सकाळी दहाला १०१० हेक्टोपास्कल (दाब मोजायचं एकक), दुपारी चारला १००७, आणि आभाळात ढगाचा ठिपका नाही! रात्री दहाला काटा पुन्हा वर. पहाटे चारचा गजर लावून उठले (मुलाने डोक्याला हात लावला), तर परत खाली. बिघडलेलं यंत्र इतकं वेळापत्रक पाळेल का? मग शोधल्यावर कळलं, वातावरणालाही भरती-ओहोटी असते. ती मुख्यतः सूर्याच्या तापाने येते, दिवसातून दोनदा, आणि उष्ण कटिबंधात सहज दोन-तीन हेक्टोपास्कलचा फरक पडतो. खोकं त्याच दिवशी रद्दीत गेलं.

मग लिफ्टने तळमजल्यावरून आठव्या मजल्यावर नेऊन पाहिला. काटा जवळजवळ तीनने उतरला. समुद्रसपाटीजवळ दर आठ-साडेआठ मीटरला एक हेक्टोपास्कल कमी होतो, म्हणजे हिशोब चोख. १६४८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालच्या मेहुण्याला याच कामासाठी पाऱ्याची नळी घेऊन अख्खा डोंगर चढावा लागला होता.

तबकडीवरच्या ‘वादळ, पाऊस, बदल, स्वच्छ’ या शब्दांकडे मात्र ढुंकूनही बघू नका. एकटा आकडा फारसं काही सांगत नाही. कामाची आहे ती हाताने फिरवायची दुसरी सुई. ती काट्यावर आणून ठेवायची आणि तीन तासांनी अंतर बघायचं. रोजच्या ओहोटीपेक्षा जास्त घसरला, तर वाळत घातलेले कपडे काढा.

सोबतच्या माहितीपत्रकाला माझे शून्य गुण. त्यातल्या जगाच्या नकाशात वारे जास्त दाबाकडून कमी दाबाकडे नाकासमोर सरळ चाललेत. पृथ्वी फिरते हे छापणाऱ्याला कोणी सांगितलंच नसावं! विषुववृत्तावर तापलेली हवा वर चढते, तीस अंशांच्या आसपास खाली उतरते आणि तिथून परत विषुववृत्ताकडे निघते. पण वाटेत उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिणेत डावीकडे वळते, म्हणून व्यापारी वारे पूर्वेकडून तिरके येतात. उत्तर गोलार्धात मोकळ्यावर वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असतो. ही एक ओळ छापली असती तरी चाललं असतं.

आणखी एक: मागचा जुळणीचा स्क्रू इतका बारीक आहे, की चष्म्याच्या पेचकसाशिवाय हलत नाही. पेचकस खोक्यात नव्हता.