कच्च्या केळीच्या पिठाची बिस्किटं: पावसाळ्यापासून खातोय, कशी वाटली

आमच्याकडे अमळनेरला सासूबाईंना शुगर आहे, पोट साफ न होण्याचा त्रास जुना, आणि दाढा गेल्यात तरी चहासोबत बिस्किट लागतंच, म्हणून पावसाळ्यापासून यावलकडच्या एका बचत गटाची कच्च्या केळीच्या पिठाची बिस्किटं आणतोय. त्याआधी घरात डायजेस्टिव्ह असायचं.

आधी डायजेस्टिव्हचं सांगते. हे नाव ब्रिटनमध्ये पडलं, त्यात खायचा सोडा असायचा आणि सोड्याने पचन सुधारतं असं तेव्हा मानायचे, म्हणजे नावाचा फायबरशी, म्हणजे पोट साफ करणाऱ्या चोथ्याशी, काही संबंध नाही. पाकीट फिरवून मागे बघा, जे सगळ्यात जास्त ते यादीत पहिलं असतं, आणि बऱ्याच पाकिटांवर पहिला मैदाच निघतो. 100 ग्रॅमला 6 ग्रॅम फायबर असलं की हाय फायबर लिहिता येतं. पण चार बिस्किटं म्हणजे फार तर 40 ग्रॅम, त्यात अडीच ग्रॅमसुद्धा फायबर नाही, आणि दिवसाला 30 ग्रॅमच्या आसपास पाहिजे. शुगर फ्री लिहिलेलं असलं तरी मैद्यातल्या स्टार्चचं (पिष्टाचं) पोटात ग्लुकोज म्हणजे साखरच होते ना.

आता केळीचं. आपल्या रावेर-यावलची केळी हिरवी असते तेव्हा तिच्यात स्टार्चच स्टार्च, पिकली की त्याचीच साखर होते. हिरव्या केळीतला बराचसा स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, तसाच मोठ्या आतड्यात जातो, तिथले जीवाणू तो खातात, म्हणजे काम फायबरसारखंच. याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. पाणी घालून शिजवलं की तो फुगतो आणि सहज पचायला लागतो, पण बिस्किटाच्या पिठात पाणी कमी असतं त्यामुळे भाजल्यावरही थोडाफार टिकतो. त्याच पिठाची लापशी केली तर हा फायबरसारखा फायदा बराचसा गेला समजा, पण तापातून उठलेल्या माणसाला ती लापशी छान, हलकी पडते.

अनुभव म्हणाल तर पहिले काही दिवस सासूबाईंना गॅस झाला, पोट गुडगुडायचं, म्हणून एकच बिस्किट दिलं आणि पाणी वाढवलं, मग हळूहळू दोनावर आलो. पोटाचं आता खूप बरं आहे, इसबगोल रोज घ्यावं लागत नाही. चव थोडी तुरट, रंग काळपट, मुलांनी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, पण सासूबाई म्हणतात "चहासंगे बरं लागस". चहात बुडवलं की लगेच विरघळतं, सांभाळून. यात गूळ आहे आणि गूळ म्हणजे साखरच, त्यामुळे शुगरवाल्यांनी डब्बा समोर ठेवून बसू नये. मीटरवर मला डायजेस्टिव्हपेक्षा मोठा फरक दिसला नाही, शुगर कमी करायला कोणी घेत असेल तर घेऊ नका.

एक वाईट अनुभव पण आला, मधे आमचा माल संपला तेव्हा एका दुकानातून दुसरं केळीचं बिस्किट आणलं, पाकिटावर केळीचा मोठा फोटो आणि आत पहिला मैदा, केळीचं पीठ अगदी शेवटी, असल्याला पैसे देऊ नका.

आणि हे पण सांगते की बिस्किट चहापुरतंच, खरं काम जेवणात होतं. ज्वारीत 100 ग्रॅमला साधारण 10 ग्रॅम फायबर, मैद्यात तीनसुद्धा नाही, आणि आपली कळण्याची भाकरी तर ज्वारीत सालासकट उडीद दळून केलेली. सासूबाईंना ती वरणात कुस्करून देते, चावायची गरजच पडत नाही. उलट धाकट्याला जुलाब झाले तेव्हा भाकरी आणि ही बिस्किटं दोन्ही बंद, तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर आणि साधं मारी, कारण तेव्हा पटकन पचणारा स्टार्चच बरा पडतो.

पाकीट उघडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात काढा, दमट दिवसांत लवकर मऊ पडतात. पुढच्या महिन्याचे दोन किलो सांगून ठेवलेत.