ससाण्यांचे निरीक्षण, निसर्ग छायाचित्रण की पदभ्रमण? पुण्यात राहून छंद निवडणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

पुण्यातील नोकरदार माणसाच्या हाती महिन्याकाठी मोजकेच मोकळे दिवस आणि वर्षातून फार तर एक मोठी रजा उरते. एवढ्या वेळात निसर्गाशी संबंधित एखादा छंद जोपासायचे ठरवले, की साधारणपणे तीन पर्याय समोर येतात: ससाणे व इतर शिकारी पक्ष्यांचे निरीक्षण, निसर्गाचे छायाचित्रण आणि पदभ्रमणाच्या सुट्ट्या. तिन्हींसाठी सिंहगड, राजगड, लोणावळा किंवा भिगवण हीच ठिकाणे उपयोगी पडत असल्याने अनेक जण ते तिन्ही एकाच दिवशी साधायला जातात. माझ्या मते ते एका दिवशी साधत नाहीत. निरीक्षणासाठी एका जागी तासन्‌तास बसावे लागते, छायाचित्रणात प्रकाश आणि अंतर या दोन गोष्टींच्या मागे धावावे लागते, तर पदभ्रमणात अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावाच लागतो. म्हणून त्या दिवशी यांपैकी कोणाला पहिला मान द्यायचा, हे घरातून निघण्यापूर्वीच ठरवलेले बरे.

ससाण्यांपासून सुरुवात करतो, कारण याबाबतीत आपल्या दाराशी काय आहे याची अनेक पुणेकरांना कल्पनाच नसते. शाहीन ससाणा हा बहिरी ससाण्याचा भारतीय उपखंडातील स्थायिक प्रकार असून सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर त्याचे बारमाही वास्तव्य असते. त्याचे डोके आणि पाठ काळपट असते, गालावर मिशीसारखी रुंद काळी पट्टी उतरते आणि पोटाकडची बाजू तांबूस दिसते. ससाणे काड्या रचून घरटे बांधत नाहीत. शाहीन तर कड्याच्या कपारीतच उथळ खळगा करून त्यात अंडी घालतो. त्यामुळे कड्यासमोर बसल्यावर आधी पक्षी शोधत बसण्यापेक्षा खडकावरून खाली आलेले विष्ठेचे पांढरे ओघळ शोधावेत. ताजे, ठळक ओघळ जिथे दिसतात त्याच्या वरची कपार बहुधा कोणत्या तरी पक्ष्याच्या नेहमीच्या बैठकीची असते, आणि ती बैठक शाहीनची असेल तर थोड्या वेळात त्याचा पुरावा मिळतो. कड्यावरचे पारवे एकाएकी थव्याने उडतात, पोपटांचा आवाज बदलतो आणि मग वरच्या उंचीवरून पंख मिटलेला एक आकार सरळ खाली येतो. असा सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो. बऱ्याचदा शिकार हुकते, हेही नवख्याने लक्षात ठेवावे. हुकल्यानंतर तो पुन्हा उंची कशी मिळवतो आणि पुन्हा कुठल्या टोकावर जाऊन बसतो हे पाहणे मला शिकारीइतकेच मोलाचे वाटते, कारण त्यातूनच त्या पक्ष्याचा परिसर आपल्याला समजू लागतो.

हिवाळ्यात पाहुणे येतात. माळरानांवर आणि गडांच्या उतारांवर खरूची (केस्ट्रल, एक लहान ससाणा) दिसते. वाऱ्याकडे तोंड करून, शेपटी पंख्यासारखी पसरून ती हवेत एकाच जागी स्थिर राहते. दुर्बिणीतून नीट पाहिले तर पंख आणि शेपटी सतत हलत असतात, पण डोके जणू हवेत खिळवून ठेवलेले असते. खालच्या गवतातील उंदीर किंवा टोळ दिसावा म्हणून नजर अढळ राखण्याची ही तिची पद्धत आहे, आणि ती एकदा पाहिली की खरूची पुन्हा ओळखताना चूक होत नाही. उजनीच्या फुगवट्यावर भिगवण परिसरात हिवाळी बहिरी ससाणा पाणपक्ष्यांच्या थव्यांमागे येतो. सासवडच्या माळरानांवर भोवत्या आणि सापमार गरुड हे शिकारी पक्षी दिसतात. ते ससाणे नव्हेत, पण त्यांच्याशी तुलना करत गेल्याशिवाय ससाण्याचे टोकदार पंख आणि त्याची सरळ, नेटकी भरारी डोळ्यांत बसत नाही.

या सर्वांहून मला अधिक ओढ आहे ती अमूर ससाण्याची. ईशान्य आशियात वीण करणारा, जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा पक्षी नागालँड-मणिपूरमध्ये मोठ्या संख्येने विसावतो, नंतर भारत ओलांडतो आणि पुढे अरबी समुद्रावरून न थांबता उडत दक्षिण आफ्रिकेकडे जातो. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ २०१२ साली त्याची प्रचंड प्रमाणात होणारी शिकार उघडकीस आली आणि स्थानिक गावकऱ्यांनीच पुढच्या वर्षी ती थांबवली. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंत लोणावळ्याच्या पठारांवर हे पक्षी काही काळ उतरतात आणि हवेतच कीटक पकडून खातात. पुण्याहून लोकलने जाऊन असा प्रवासी पक्षी पाहता येतो, ही सोय देशातील फार थोड्या मोठ्या शहरांना लाभली आहे.

या छंदाला लागणारे साहित्य म्हणजे मुख्यतः एक चांगली दुर्बीण. गडाच्या कड्यावर वारा जोरात असतो आणि १० पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंप जास्त जाणवतो, शिवाय तिच्यात दिसणारे क्षेत्रही लहान असते. वेगाने जाणारा ससाणा पकडायचा तर ८×४२ (८ पटीची, ४२ मिलिमीटर व्यासाच्या भिंगाची) ही दुर्बीण नवख्याला अधिक साथ देते. चष्मा वापरणाऱ्यांनी भिंगापासून डोळ्यापर्यंत किमान १५ मिलिमीटर अंतर ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसते ना, हे दुकानातच तपासावे. दहा ते वीस हजारांच्या दरम्यान वर्षानुवर्षे टिकणारी दुर्बीण मिळते आणि त्यानंतर खर्च उरतो तो केवळ प्रवासाचा. सिंहगडासाठी तर स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीएमएलची बस आहे.

आता छायाचित्रणाकडे वळू, आणि त्यातही एका गणिताकडे, कारण खरेदीचे बहुतेक निर्णय ते गणित न मांडता घेतले जातात. शाहीन ससाण्याची लांबी साधारण ४० सेंटिमीटर असते. तो २०० मीटरवरच्या कपारीत बसला आहे असे धरा. कड्याच्या बाबतीत हे अंतर मुळीच जास्त नाही. ६०० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा सेन्सरवर (कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर) केवळ १.२ मिलिमीटर लांबीची उमटते. फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर असते, म्हणजे पक्षी चित्राच्या रुंदीचा तिसावा हिस्सा व्यापतो. हाच पक्षी ८ पटीच्या दुर्बिणीतून २५ मीटरवर असल्यासारखा दिसतो, त्याची मान वळलेली, पिसे वाऱ्याने उचललेली आणि पंजात भक्ष्य धरलेले स्पष्ट कळते. याचा अर्थ असा, की ज्या जागी निरीक्षकाला पोटभर समाधान मिळते, त्याच जागी छायाचित्रकाराच्या पदरी एक ठिपका पडतो. त्यात दुपारी खडक तापल्यावर हवा थरथरू लागते आणि महागड्या लेन्सनेही चित्र मऊ, म्हणजे अस्पष्ट येते. उडत्या ससाण्यासाठी शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून वेगवान ठेवावे लागते, त्याला भरपूर प्रकाश हवा. पूर्वाभिमुख कड्यावर तो सकाळीच मिळतो, तर तानाजी कड्यासारख्या पश्चिमेकडच्या कड्यांवर उतरत्या उन्हाची वाट पाहावी लागते.

या गणितामुळेच अंतर कमी करण्याचा मोह होतो आणि इथे मी अत्यंत ठामपणे बोलतो. वीण काळात, म्हणजे साधारणपणे हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत, कपारीजवळ जाणे, दोरावरून खाली उतरणे किंवा पक्षी उठावा म्हणून दगड टाकणे या गोष्टी कोणत्याही छायाचित्रासाठी क्षम्य नाहीत. जोडी उठली की अंडी किंवा पिल्ले उन्हात उघडी पडतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या घरट्यांना व अंड्यांना त्रास देणेही समाविष्ट आहे. घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये, कारण एकाने राखलेले अंतर पुढचे पन्नास जण राखतीलच असे नाही.

मात्र निसर्ग छायाचित्रण म्हणजे केवळ शिकारी पक्षी नव्हेत, आणि ज्याला खरोखर चित्र घडवण्याची आवड आहे त्याने ससाण्यांपासून सुरुवात करूच नये. पावसाळ्यात वेताळ टेकडीवर कीटक, कोळी, रानफुले आणि बेडूक यांची जी रेलचेल असते, ती साध्या मॅक्रो लेन्सने, किंबहुना चांगल्या मोबाइलनेही टिपता येते. कास पठाराचा फुलांचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो, आणि साधारण आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीने डोंगर जांभळे होतात तेव्हा चित्रासाठी अंतर कापायची गरजच उरत नाही. पक्षीच टिपायचे असतील तर भिगवणजवळच्या कुंभारगाव किंवा डिकसळला स्थानिक मच्छीमारांच्या नावेतून रोहित पक्ष्यांच्या योग्य अंतरावर जाता येते. तिथे १५०-६०० मिलिमीटरची लेन्स पुरते. नावाड्याला थवा उडवायला सांगणारे लोक भेटतात. त्यांना तिथल्या तिथे नम्रपणे पण स्पष्ट शब्दांत अडवावे.

छायाचित्रणाचा आणखी एक खर्च किंमत-पत्रकात दिसत नाही. पुण्याच्या चार महिन्यांच्या दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल हा किमान बंदोबस्त, नाहीतर आर्द्रता नियंत्रित ठेवणारे कपाट घ्यावे लागते. शिवाय घरी आल्यावर शेकडो चित्रे निवडण्यात आणि सुधारण्यात संध्याकाळी जातात. ज्याला संगणकासमोर बसून दिवसभराच्या कामानंतर पुन्हा संगणकासमोर बसणे नकोसे वाटते, त्याने याचा आधीच विचार करावा.

पदभ्रमणाचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. शरीर कमावले जाते, सोबत लाभते आणि रोजच्या व्यापापासून सलग काही दिवस पूर्ण सुटका होते. ही तिसरी गोष्ट इतर दोन छंदांत क्वचितच मिळते. त्याची बांधणीही पुण्यात फार सोयीची आहे: आतकरवाडीहून सिंहगड चढून दम तपासावा, मग राजगडाच्या संजीवनी माचीवरून निघून धारेने तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत जावे, पुढे हरिश्चंद्रगडाचा मुक्काम करावा आणि त्यानंतरच हिमालयाचा विचार करावा. हिमालयात ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हा नियम सह्याद्रीत सराईत झालेल्यांनाही लागू आहे, कारण तोरण्याची उंची १४०३ मीटरच आहे आणि विरळ हवेचा अनुभव आपले गड देत नाहीत. पुण्याहून जाऊन-येऊन असा ट्रेक आठ-दहा दिवसांची रजा घेतो.

पदभ्रमणात निसर्ग दिसतो, पण तो पाहायला सवड मिळत नाही. गटाची चाल ठरलेली असते आणि एकाने दुर्बीण काढली की मागचे सगळे खोळंबतात. दोन किलोची लेन्स पाठीवर घेऊन राजगड-तोरणा केल्यास दुपारनंतर ती सॅकमधून बाहेर निघत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. हिमालयात वर दाढीवाले गिधाड घिरट्या घालत असते आणि खाली गटप्रमुख पुढे चला म्हणत असतो. म्हणून पदभ्रमणाच्या सुट्टीला लहान दुर्बीण तेवढी न्यावी. आग्या मधमाश्यांची पोळी असलेल्या कड्यांखाली धूर करू नये आणि तीव्र सुगंधी द्रव्ये लावून जाऊ नये, हा इशारा तिन्ही छंदांच्या लोकांसाठी आहे. परंतु मोठ्या गटात एकाच्या निष्काळजीपणाची झळ सर्वांना बसते.

वर्षाची विभागणी पाहिली तर या तिघांचे फारसे भांडण उरत नाही. जून ते सप्टेंबर या महिन्यांत कडे ढगांत असतात, तेव्हा ससाण्यांसाठी जाऊन बसण्यात अर्थ नसतो. तेच महिने सोप्या, सुरक्षित वाटांच्या पदभ्रमणाचे आणि जवळून टिपायच्या छायाचित्रणाचे असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ तिन्हींना मानवतो, आणि खरी निवड याच काळात करावी लागते. मार्चनंतर उन्हामुळे लांबचे ट्रेक त्रासाचे होतात, पण सकाळी लवकर कड्यासमोर सुरक्षित अंतरावर सावलीत बसणाऱ्याला शाहीनच्या पिल्लांचे संगोपन दुरून पाहायला मिळू शकते.

गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी किंवा घरात लहान मुले असलेल्यांनी पदभ्रमणाला पहिला क्रम देण्याचे कारण नाही; त्यांना भिगवणची नाव किंवा वनविभागाची कडबनवाडी व शिर्सुफळ येथील गवताळ प्रदेशाची सफारी अधिक आनंद देईल. ज्याला माणसांची सोबत हवी आहे आणि ज्याचे वय व तब्येत साथ देते, त्याने बिनदिक्कत डोंगर धरावा. ज्याला एकटे, शांत बसणे जमते आणि खर्च आटोक्यात ठेवायचा आहे, त्याने दुर्बीण घ्यावी. दोन पर्यायांत मन अडकले असेल तर माझा कौल दुर्बिणीला आहे, कारण पुढे कॅमेरा घ्यावासा वाटला तरी पक्षी कुठे बसतो, कधी उठतो आणि किती अंतर सहन करतो हे ज्ञान तोवर हाती आलेले असते, आणि त्याविना घेतलेल्या लेन्सचा निम्मा वेळ कपाटातच जातो.

तरीही छायाचित्रणाकडेच ओढा असेल, तर मोठी लेन्स लगेच विकत घेऊ नये. पुण्यात शनिवार-रविवारपुरती लेन्स भाड्याने मिळते. ती घेऊन एकदा भिगवणला आणि एकदा सिंहगडावर जावे, दोन्ही ठिकाणची चित्रे मोठ्या पडद्यावर पाहावीत आणि दिवसअखेर खांदा किती दुखला याचीही नोंद ठेवावी. भाड्याने घेताना लेन्समधून उजेडाकडे पाहून आत बुरशीचे धागे नाहीत ना आणि फोकसचे कडे अडखळत नाही ना, एवढे दुकानातच पाहून घ्यावे, म्हणजे परत करताना वाद होत नाही.