लाल बटण दाबलं, तरी मशीन फिरतच राहिलं

निवृत्तीनंतर सावंतवाडीला घराच्या पडवीत लाकूड कातायचं लेथ मशीन टाकलं. लाटणी, रव्या, कधीमधी फणसाच्या लाकडाचे वाडगे. एक एचपीची सिंगल फेज मोटर. स्विच मात्र डावीकडे, चकच्या, म्हणजे लाकूड पकडून फिरवणाऱ्या जबड्याच्या मागे. वाडगा कातताना काही बिनसलं तर फिरत्या लाकडावरून हात न्यायचा. ते खटकत होतं, म्हणून उजव्या हाताशी इमर्जन्सी स्टॉप बसवून घ्यायचं ठरवलं.

मोबाइलवर जाहिरात दिसली: वायरलेस इमर्जन्सी स्टॉप, नावाजलेल्या कंपनीचा कॉन्टॅक्टर (मोटरचा जड करंट जोडणारा-तोडणारा, विजेवर चालणारा स्विच), घरी येऊन फिटिंग, ७,४०० रुपये. माणूस गोडबोल्या. भिंतीवर राखाडी डबा ठोकला, माझ्या हातात पिवळी डबी दिली, तिच्यावर चालूचं हिरवं बटण आणि छत्रीसारखं मोठं लाल. दहा वेळा दाबून दाखवलं, दहाही वेळा मशीन थांबलं. चकवर लाकूड नव्हतं आणि सेल कोरा होता, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. बिल म्हणे ‘उद्या व्हॉट्सॲपला टाकतो’. तो उद्या अजून उगवायचा आहे.

खरं तर जूनमध्येच कान टवकारायला हवे होते. पावसात लाइट गेली, मी चकची चावी हातात घेऊन लाकूड काढायला वाकलो, तेवढ्यात लाइट आली आणि मशीन आपलं आपण सुरू झालं. बोटं वाचली. फोन केला तर साहेब म्हणाले, ‘‘काका, ते ऑटो रीस्टार्ट आहे, फीचर आहे ते!’’ आणि मी ते ऐकून घेतलं.

पुढच्या महिन्यात वाडग्याची कड तडकली. अर्धा तुकडा कौलाला लागून खाली पडला, उरलेला अर्धा मशीन गदागदा हलवत फिरतोय. लाल बटण दाबलं. डबीवरचा दिवा लुकलुकला, बस्स. परत दाबलं, पुन्हा दिवाच. शेवटी वाकून, भिंतीला चिकटून सॉकेटपर्यंत गेलो आणि बटण बंद केलं.

गल्लीतल्या वायरमनने राखाडी डबा उघडला. ‘‘काका, ह्यात काय नाय हा!’’ कॉन्टॅक्टर नव्हताच. काड्यापेटीएवढं एक रिले बोर्ड, म्हणजे तसलाच पण चिमुकला स्विच, त्यावर ३० ॲम्पिअरचं स्टिकर. त्याने नखाने स्टिकर सोलला, खाली छापलेलं १० ॲम्पिअर. एवढी मोटर चालताना पाच-सात ॲम्पिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट. रोजच्या त्या झटक्याने रिलेचे करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट चिकटून बसले होते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारल्यावर सुटले.

मग त्याने दुसरी गंमत दाखवली. मशीन चालू ठेवून डबीतला सेल काढला. मशीन मजेत फिरतंय. म्हणजे रिले चांगला असता तरी सेल संपल्या दिवशी माझं बटण नुसतं खेळणं होतं. खऱ्या इमर्जन्सी स्टॉपची गोष्ट उलटी असते. त्याचा पॉइंट एरवी जोडलेलाच असतो, कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा, म्हणजे त्याला ओढून धरणाऱ्या चुंबकाच्या गुंडाळीचा, करंट त्यातूनच जातो. दाबलं, वायर तुटली किंवा लाइट गेली, की कॉइल सुटते आणि मशीन बंद. लाइट परत आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत हलत नाही. लाल बटणही दाबल्यावर आत अडकून राहायला हवं, फिरवल्याशिवाय सुटता कामा नये. माझं लगेच वर उसळायचं, घराच्या बेलसारखं.

आता वायरने जोडलेला स्टॉपच बसवलाय: कॉन्टॅक्टर, तीन मीटर केबल, एक बटण हाताशी, एक गुडघ्याने दाबता येईल असं. बसवून झाल्यावर मेन बंद करून बटणाची एक वायर काढायला लावली, मग मेन चालू करून हिरवं दाबलं. मशीन सुरू झालं नाही, तेव्हाच पैसे दिले. तुमच्या मशीनला व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, असेल तर ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये कॉन्टॅक्टर घालू देऊ नका; तिथलं कनेक्शन वेगळं असतं, जाणत्याकडूनच करून घ्या.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. बिल नाही, यूपीआयची पावती आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं तेवढं जपलं होतं, ते दिलं. त्या माणसाने मला ब्लॉक केलंय. परवा मुलीच्या मोबाइलवर त्याची जाहिरात आली, दुकानाचं नाव बदललेलं. फोटोतलं मशीन माझंच आहे. मागे खिळ्याला माझा निळा एप्रन लटकतोय.