डिस्प्लेचा बिल्ट-इन ओव्हन आणि रत्नागिरीची हवा: चौदा महिन्यांचा अनुभव

गौरी-गणपती झाले आणि मेनंतर थेट साडेतीन महिन्यांनी घरात सुरमई आली. तुकड्यांना आलं-लसूण, तिखट, हळद आणि आगळ लावून तासभर ठेवलं, जाळीवर मांडल्या, ओव्हनचा नॉब ग्रिलवर फिरवला. दहा सेकंदही झाली नसतील, खट् आवाज झाला आणि अख्ख्या घराची लाईट गेली. शेजारी दिवे चालू होते. आमच्याच डीबीतला (घराच्या मेन स्विचबोर्डातला) आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की लाईट तोडणारा स्विच, पडला होता. वर केला, पुन्हा ग्रिल लावलं, पुन्हा पडला. सुरमई शेवटी तव्यावर तळली.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तर पलीकडून न बघताच उत्तर आलं: ग्रिलचं एलिमेंट (तापणारी कॉईल) गेलंय, 4,200 रुपये, व्हिजिट चार्ज वेगळा. वॉरंटी जुलैअखेर संपलेली. त्या रात्री मला एकच वाटत होतं, स्वस्तात मिळतोय म्हणून आपल्या गळ्यात जुना माल मारला. तेव्हाच हा अनुभव लिहायला घेतला होता. तो पुढे बराच बदलला, पण सुरुवातीपासून सांगते.

ओव्हन 2024 च्या जुलैअखेरीस कोल्हापूरच्या एका शोरूममधून घेतला. 70 लिटर, पंखा, ग्रिल, वर-खाली कॉईल, 2,900 वॅट. बाकी स्पेसिफिकेशन या वर्गातल्या ओव्हनची साधारण सारखीच असतात. एमआरपी 41,990, आम्हाला 24,500 ला मिळाला, कारण तो काउंटरवर मांडलेला डिस्प्लेचा पीस होता. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून एक वर्ष, हे मी बिलावरच लिहून घेतलं. ते केलं नसतं तर पहिल्याच तक्रारीला अडचण झाली असती. पण खोका उघडून सामान मोजायचं राहिलं, आणि आंबा घाट उतरून घरी आल्यावर कळलं की एक जाळी नाही, फिटिंगचे स्क्रू नाहीत आणि माहितीपुस्तिका नाही. जाळी नंतर 1,350 रुपयांना मागवली. डिस्प्लेचा पीस घेणाऱ्यांनी गाडीत चढवण्याआधी जाळ्या, ट्रे, स्क्रू हातात घेऊन मोजावेत.

ओव्हनपेक्षा तो बसवायलाच जास्त डोकं लागलं. सुताराला मी आधीच सांगितलं होतं, ओव्हन 60 सेंटिमीटरचा आहे. त्याने टॉल युनिटमध्ये, म्हणजे उंच कपाटात, आतून बरोबर 600 मिलिमीटरचा खण केला. पण 595 मिलिमीटर ही ओव्हनच्या पुढच्या चौकटीची रुंदी. मागची पेटी त्याहून अरुंद असते, आणि चौकटीने दोन्ही बाजूंच्या प्लायच्या कडांवर टेकायचं असतं, कारण स्क्रू त्या कडांमध्येच जातात. 600 च्या खणात ओव्हन सरळ आत गेला आणि स्क्रूला धरायला लाकूडच नाही. मग दोन्ही बाजूंना 18 मिलिमीटर प्लायच्या पट्ट्या मारल्या, खण 564 चा झाला, तेव्हा चौकट नीट बसली. पाठीमागचा प्लाय कापून काढला, नाहीतर गरम हवा तिथेच कोंडते. पॉवर प्लगही ओव्हनच्या मागे ठेवून चालत नाही, जाड पिनांचा प्लग दोन इंच जागा खातो आणि ओव्हन तेवढाच बाहेर राहतो. तो शेजारच्या कपाटात घेतला. त्याचा एक फायदा असा की ओव्हन न हलवता बंद करता येतो.

डीबीपासून 4 स्क्वेअर एमएमची वेगळी वायर आणि 20 अँपियरची एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) टाकली. वायरिंगचे 3,800, सुताराचे 5,500, वाहतूक 1,200. ओव्हन धरून बरोबर 35,000 झाले, जाळी वेगळी. पण वायर आणि प्लाय नव्या ओव्हनलाही लागलाच असता, त्यामुळे तो खर्च मी डिस्प्लेच्या खात्यावर मांडत नाही.

आता ज्या गोष्टीचा मला चौदा महिने खरा त्रास झाला, ती सांगते. या ओव्हनचं घड्याळ.

लाईट एका क्षणासाठी जरी गेली, तरी परत आल्यावर घड्याळ 0:00 दाखवत उघडझाप करतं आणि ओव्हन तापतच नाही. नॉब 180 वर, कॉईलची खूण जागेवर, आतला दिवासुद्धा लागलेला, पण कॉईल थंड. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं ओव्हन बंद पडला. माहितीपुस्तिका नव्हती. तक्रार नोंदवली, आठवडाभराने माणूस आला, त्याने दोन बटणं एकदम दाबली, अधिकच्या बटणाने वेळ लावली आणि ओव्हन सुरू. वॉरंटीत असूनही 590 रुपये घेतले, कारण म्हणे बिघाड नव्हता. बिघाड नव्हता तर हे फोनवर का सांगितलं नाही, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. दोन वाक्यांचं काम होतं.

रत्नागिरीत पावसाळ्यात लाईट दिवसातून चार-पाच वेळा नुसती लुकलुकते. टीव्ही, फ्रिज, पंखे आपोआप पुन्हा सुरू होतात. ओव्हन होत नाही. गेल्या जुलैत केक टाकला होता, वीसेक मिनिटं झाली होती, मी बाहेरच्या खोलीत वह्या तपासत होते. लाईट तीन सेकंद गेली असेल. दहा मिनिटांनी आत आले तर घड्याळ लुकलुकतंय आणि केक मधोमध बशीसारखा खचलाय. चार अंडी आणि घरचं लोणी वाया गेलं. त्या दिवसापासून ओव्हन चालू असताना मी स्वयंपाकघर सोडत नाही. हे घड्याळ इन्व्हर्टरवरही घेता येत नाही, कारण ते आणि कॉईल एकाच वायरवर आहेत आणि साधा घरगुती इन्व्हर्टर 2,900 वॅट ओढू शकत नाही.

कंपनीला मी सविस्तर मेल लिहिला. उत्तर आलं की हे सुरक्षेसाठी आहे: घरात कोणी नसताना लाईट आली तर ओव्हन आपोआप तापू नये. हे कारण मला पटलं, खोटं कशाला बोलू. आमच्या शेजारी लाईट गेली म्हणून इस्त्री तशीच ठेवून घरचे बाहेर गेले होते, परत येईपर्यंत टेबल जळलेलं होतं. पण तीन सेकंद आणि तीन तास यांत फरक करता येईल की. मिनिट-दोन मिनिटं वेळ लक्षात ठेवेल एवढी सोय आत दिली असती, तर आमच्यासारख्या गावांत या ओव्हनला नाव ठेवायला जागा राहिली नसती. ज्यांच्याकडे लाईट जात नाही त्यांना हे वाचून मी फार ताणते असं वाटेल. पावसाळ्यात इकडे येऊन एक केक करून बघा.

आणि तरीही हा ओव्हन मी विकणार नाही, त्याची कारणंही आहेत.

दिवाळीत तीन किलो पातळ पोह्यांचा चिवडा असतो. दरवर्षी सासूबाई आणि मी कढईत थोडे थोडे पोहे भाजायचो, अर्धे आकसायचे, तळाचे लाल व्हायचे. ओव्हनमध्ये पंखा लावून 100 अंशांवर एका वेळी दोन ट्रे, पंधरा मिनिटांत पोहे कुरकुरीत आणि पांढरेशुभ्र. सासूबाईंनी एक पोहा दाताखाली फोडला आणि म्हणाल्या, "आता कढई काढू नको गो." शेंगदाण्यांचंही तसंच. 160 वर वीस मिनिटं, मधे एकदा हलवायचे, किलोभर दाणे एकसारखे खमंग. कुटाला काळा दाणा येत नाही.

पण खरा उपयोग 2025 च्या मे महिन्यात झाला. त्या वर्षी पावसाने घाई केली, महिना संपायच्या आत कोकणात उतरला. आमच्या गच्चीवर ताटांत आंबापोळी पसरलेली, वरून सुकलेली, आतून ओली. दरवर्षी अशा वेळी ती बुरशीच्या भीतीने फेकावी लागते. मी सगळी ताटं आत आणली, पोळ्या ट्रेमध्ये घेतल्या, पंख्यावर 60 अंश लावले आणि दर अर्ध्या तासाने दार उघडून वाफ सोडत राहिले. दोन दिवस हेच चाललं होतं. उन्हाची चव आली नाही, पण बोट लावलं तर चिकटत नाही आणि दुमडली तर तुटत नाही, इतकी नीट सुकली. एकही पोळी टाकावी लागली नाही. घड्याळाचा सगळा राग त्या दोन दिवसांत मी विसरले होते. जुलैत केक खचला आणि पुन्हा आठवला.

विजेचं थोडक्यात. मीटर बघून मोजलं, 200 अंशांवर तासभराला सव्वा युनिटच्या आत जातं. महिन्याला पंधरा युनिट वाढली. संध्याकाळी व्होल्टेज 195 वर आलं की हाच ओव्हन जेमतेम 2,100 वॅटचा उरतो आणि तापायला वेळ लावतो, म्हणून बेकिंग सकाळी.

आता ग्रिलकडे परत. 4,200 देण्याआधी मी आमच्या वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी ओव्हन खणातून बाहेर ओढला, मागचा पत्रा काढला आणि एकेका कॉईलला मेगर (इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजणारं यंत्र) लावला. खालची ठीक, पंख्याभोवतीची ठीक, ग्रिलच्या कॉईलला काटा जवळजवळ शून्यावर. मग त्यांनी मला विचारलं, "वहिनी, ग्रिल शेवटचं कधी लावलं होतं?"

मेमध्ये. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. मासळी सुरू झाली तेव्हा आमच्याकडे श्रावण होता, त्याला लागून गणपती. साडेतीन महिने, तेही भर पावसात, ग्रिलची कॉईल एकदाही तापली नव्हती. कॉईलच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साईडची पांढरी पूड ठासलेली असते. ती ओल ओढून घेते, मग करंट नळीतून अर्थिंगला झिरपतो आणि आरसीसीबी आपलं काम करतो. एलिमेंट गेलेलं नव्हतं, दमट झालं होतं. काकांनी ग्रिलच्या दोन्ही वायरी सोडवून टोकांना टेप लावला आणि उरलेल्या कॉईलवर ओव्हन 220 वर दीड तास चालवला. ग्रिलची कॉईल त्याच पेटीत असल्यामुळे तीही भाजून निघाली. थंड झाल्यावर मेगरने 20 मेगओहमच्या वर दाखवलं. वायरी जोडल्या, ग्रिल लावलं, लालबुंद झालं, आरसीसीबी जागेवर. मजुरी 500 रुपये.

म्हणून डिस्प्लेच्या पीसला दिलेला दोष मी मागे घेते. नवाकोरा ओव्हन घेतला असता तरी या हवेत हेच झालं असतं. सर्व्हिस सेंटरवरचा राग मात्र तसाच आहे. मेगर न लावता एलिमेंट बदलायला सांगणं बरोबर नाही, आणि कोकणात सर्व्हिस देणाऱ्यांना तरी ही ओल माहीत असायलाच हवी. आणखी एका ओळखीच्या माणसाने सुचवलं होतं की ओव्हनचं अर्थिंग काढून टाका, मग लाईट जाणार नाही. हे कोणीही, कधीही करू नका. अर्थिंग काढलं की झिरपणारा करंट ओव्हनच्या पत्र्यावर थांबतो, आणि पत्र्याला हात लावणारी माणसं आपल्याच घरातली असतात.

आता जूनपासून दर शनिवारी ग्रिल दहा मिनिटं रिकामंच लावायचं, असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. घड्याळाबद्दल दुसरा मेल गेल्या आठवड्यात पाठवला आहे, या वेळी केकच्या फोटोसकट.