रॅम्प की कॅटलॉग? दोन्ही करून झाल्यावर

मॉडेलिंग करायचंय, उंची आहे, पोर्टफोलिओ तयार आहे, आणि आता रॅम्पसाठी फॅशन वीकच्या मागे लागायचं की ई-कॉमर्सच्या, म्हणजे ऑनलाइन दुकानांच्या कॅटलॉग शूटवर जायचं इथे अडकला असाल तर मी दोन्ही केलंय म्हणून सांगतो. मुलींचं गणित वेगळं, त्यांना पैसेही आपल्यापेक्षा जास्त मिळतात (असा धंदा विरळाच), त्यामुळे त्यांनी हे जरा तारतम्याने वाचावं.

रॅम्पची नशा खरी आहे. नाव होतं ते तिथेच. उज्ज्वला राऊत 1996 ला फेमिना लुक ऑफ द इयर झाली आणि पुढे थेट व्हिक्टोरियाज सीक्रेटच्या शोपर्यंत गेली, कॅटलॉग करून कोणी तिथवर पोचलेलं मी तरी ऐकलं नाही. मुलांमधे सगळे मिलिंद सोमणचं नाव घेतात, पण त्याला घराघरात नेलं ते अलिशा चिनॉयच्या 1995 च्या मेड इन इंडिया गाण्याच्या व्हिडिओने, आणि त्याच वर्षीच्या, मधु सप्रेबरोबर नग्न पोझ दिलेल्या बुटांच्या जाहिरातीची अश्लीलतेची केस 2009 पर्यंत पाठीशी लागली होती. म्हणजे वर जाणं काय आणि खाली येणं काय, आपल्या हातात फार नसतं.

पण माझं डोकं फिरलं ते डेट ब्लॉकमुळे. सीझनच्या आधी एजन्सीचा मेसेज येतो, अमुक दिवस ब्लॉक कर, डिझायनरने ऑप्शनवर ठेवलंय, म्हणजे घेईल किंवा नाहीही. ब्लॉकचे पैसे शून्य, त्या दिवसांत दुसरं काम घ्यायचं नाही, केस कापायचे तरी विचारून. मग फिटिंगला तासन् तास बसायचं, जॅकेट खांद्यात जरा ओढलं की टेलर आणि स्टायलिस्ट एकमेकांकडे बघतात तेव्हाच आपल्याला कळतं, आणि रात्री उशिरा व्हॉट्सअॅपवर एकच शब्द, रिलीज्ड, म्हणजे तुम्ही नकोत. तोवर तुम्ही सोडलेलं शूट दुसऱ्याने केलेलं असतं. शेवटी शोस्टॉपर, म्हणजे शोचं मुख्य आकर्षण म्हणून सिनेमातला हिरो येतो, त्याच्यासाठी मात्र जॅकेट मापाने शिवलेलं असतं, असो.

कॅटलॉग कंटाळवाणं आहे यात वादच नाही. दिवसाला पन्नास-साठ शर्ट, पाठीमागून क्लिपा लावून फिट केलेले, बुटांच्या तळव्यांना टेप, कारण माल नवाच परत जायला हवा, आणि निम्म्या फोटोंत तुमचं डोकं ओठांपासून कापलेलं. पण कॉलशीट (शूटची वेळ-जागा कळवणारा कागद) आली की काम सहसा होतंच. पेमेंट म्हणाल तर दोन्हीकडे साठ-नव्वद दिवस लटकतं, वरून टीडीएस आणि एजन्सीचे वीसेक टक्के, त्यामुळे त्यावरून ठरवू नका. कॅटलॉगची खरी भीती वेगळीच, चेहरा शिळा होतो. मोठ्या जाहिरातीच्या ऑडिशनला हा तर सगळीकडे दिसतो म्हणून काट मारतात, मलाही मारलीय. म्हणून फोटो कुठे आणि किती काळ वापरणार हे लेखी घ्या.

वय विशीच्या आसपास असेल आणि राहण्या-खाण्याची चिंता घरचे बघत असतील तर दोनेक सीझन रॅम्प कराच, मी नको म्हणणार नाही. पण अंधेरीत तिघांत खोली घेऊन दर महिन्याला भाडं मोजायचं असेल तर मी तरी आधी कॅटलॉग पकडेन, मधे एखादा शो आला तर करावा. आणि कोणी डेट ब्लॉक मागितली तर रिलीज किती दिवस आधी कळवणार ते मेसेजवर लिहून मागा, सहसा देत नाहीत, पण विचारलेलं बरं.