फ्लेमिश लोकगीतं हवीत? छापील प्रत मागवण्याआधी हे वाचा

माझी नात बेल्जियमच्या फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्या भागात, गेंटला बालवाडीत आहे. व्हिडिओ कॉलवर ती एका राक्षसाचं गाणं म्हणते. मोठी घंटा वाजते, राक्षस बाहेर येतो, आणि मुलं त्याला मागे फिर म्हणून सांगतात. तीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतोय. एकदा चाल डोक्यात शिरली की ती कुठून आली हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही.

तर हे गाणं कूसमाकर यांच्या १८५६ च्या संग्रहात सापडतं. गृहस्थ पेशाने न्यायाधीश. गाणी जमवली ती फ्रान्सच्या हद्दीत राहणाऱ्या फ्लेमिश लोकांची, डंकर्कच्या बाजूची. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी त्याचं पुनर्मुद्रण मागवलं, २,४०० रुपये मोजून. स्कॅन तिरकं आणि स्वरांच्या ओळी उजवीकडे सरळ कापलेल्या! तक्रार केली, तर उत्तर आलं, "जुनी पुस्तकं अशीच असतात."

नसतात हो. डच आणि फ्लेमिश साहित्याचं डीबीएनएल नावाचं डिजिटल ग्रंथालय आहे, फुकट. तिथे हेच पुस्तक आहे, चालींसकट, जोडीला फ्रेंच भाषांतर. विलेम्स यांचा १८४८ चा संग्रह आहे. आणि फान डाउसे यांचे १९०३ ते १९०८ मध्ये आलेले तीन खंड! त्यात मी आठवडाभर अडकलो. एकाच गाण्याचे पाठभेद, चाली, कुठे काय मिळालं, सगळं एका जागी. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचं असं कुणी केलेलं दिसलं की जसं वाटतं, तसंच वाटलं.

स्पेलिंगने मात्र दमवलं. आजच्या 'यू-आय'च्या जागी जुन्या पुस्तकांत 'यू-वाय' असतं, दोन 'ए'च्या जागी 'ए-ई'. हे ध्यानात येईपर्यंत माझे दोन दिवस गेले. म्हणून सुरुवात अ‍ॅमस्टरडॅमच्या मेर्टन्स इन्स्टिट्यूटच्या लीडरनबँक या ऑनलाइन गीतसूचीपासून करा. दीड लाखाहून जास्त गाण्यांच्या नोंदी आहेत. पहिली ओळ टाकली की गाणं कुठल्या पुस्तकात आहे ते कळतं. पत्ता तिथे घ्या, घर डीबीएनएलवर गाठा.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन, मी अजून अक्षरं लावत वाचतो. परवा रविवारी पेटीवर ते गाणं वाजवून दाखवलं. नात दोन ओळी ऐकून म्हणाली, "आजोबा, पटपट वाजवा ना, राक्षस झोपेल!"